वामनमिस्त्रीचा शेंदूर

मारुतीला शेंदूर लावणारी माणसं मी जन्मभर पाहिली. लेथला शेंदूर लावणारा मात्र एकच पाहिला, तो म्हणजे आमचा वामनमिस्त्री. अमरावतीच्या परकोटाच्या आत पूजासामानाचं एक दुकान होतं. तिथं जाऊन तो पुडीभर शेंदूर मागायचा, तेव्हा दुकानदार हमखास विचारायचा, ‘कोणत्या मारुतीले?’ आणि वामन गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, ‘लोखंडाच्या.’ दुकानदाराला वाटायचं, कुठं तरी नवं देऊळ निघालं असेल. एकदा तर त्यानं दर्शनाला कधी यावं तेही विचारून घेतलं होतं.

मी तेव्हा अमरावतीच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात फिटर होतो. चांदूर रेल्वेकडच्या खेड्यातला, कास्तकाराच्या घरचा. नांगरापेक्षा पान्यात जास्त जीव रमला म्हणून शहरात आलेला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, राज्य साहेबाचं होतं, आणि दूर कुठंतरी मोठी लढाई पेटली होती. त्या लढाईशी आमचा संबंध एवढाच की विलायतेहून यंत्रांचे सुटे भाग यायचे बंद झाले होते. जे आहे ते जपून वापरा, असा शेठजींचा हुकूम होता. तो नसता तरी वामननं तेच केलं असतं.

कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली आमचं वर्कशॉप. त्यात एक भाता, माझं टेबल आणि तो जुना लेथ, म्हणजे फिरवून कातायचं यंत्र. दसरा झाला, कापसाच्या गाड्या लागल्या की सरकी वेगळी करणारे रेचे सुरू व्हायचे. रेच्याचा जीव त्याच्या रुळात असतो. लोखंडी दांड्यावर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेला हा लांब रूळ कापूस ओढतो आणि त्याला भिडलेलं पातं सरकी अडवतं. रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा नसला तर पातं एका जागी दाबतं, दुसरीकडे उघडं राहतं. मग रुईत सरकीचा चुरा येतो आणि शेठजी स्वतः वर्कशॉपमध्ये येतात. रूळ सारखा कातायचं काम लेथचं, आणि लेथ सारखा ठेवायचं काम वामनचं.

वामन उंच होता, आणि वाकून वाकून उंची लपल्यासारखा झाला होता. शेंडी टोपीत कोंबलेली, बंडीला तेलाचे डाग. चालू लेथवर वाकलं की गळ्यातलं जानवं काम पकडून फिरवणाऱ्या चकात अडकायची भीती, म्हणून तो ते कानाला गुंडाळून काम करायचा. जानवं कानाला गुंडाळून ब्राह्मण एरवी कुठं जातो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे आम्ही त्याची जी थट्टा करायचो ती इथं लिहिण्यासारखी नाही. तो रागवायचा नाही. ‘तुमच्या गळ्यात नाही म्हणून तुमाले जमते,’ एवढंच म्हणायचा.

हो, तो भटजीचा मुलगा होता. चांगल्या नावाजलेल्या भिक्षुकाचा. आमच्याकडे भटजीला ‘महाराज’ म्हणतात, म्हणून कारखान्यात त्याचं नाव मिस्त्रीमहाराज पडलं होतं. त्याच्या हत्यारांच्या पेटीत जुन्या पंचांगाची पानं असायची. लेथवर हत्यार धरून मागंपुढं सरकणारी एक गाडी असते. ती लेथच्या अंगावरून, म्हणजे बेडवरून चालते, आणि तिच्यात एक लांबट बारीक पट्टी बसवलेली असते. ती पट्टी स्क्रूनं आवळली की गाडीची ढील कमी होते, सैल केली की वाढते. ही ढील वामन पंचांगाच्या कागदानं तपासायचा. इतका पातळ आणि इतका एकसारखा कागद दुसरा मिळत नाही, असं त्याचं मत होतं. एक पान फटीत सरकलं पाहिजे, दोन अडकली पाहिजेत. ‘अमावास्या गेली, पौर्णिमा अडकली,’ असं तो पुटपुटायचा, आणि मग स्क्रूला हात लावायचा नाही.

या ढिलीबद्दल तो जेवढा बोलायचा तेवढा जगातल्या दुसऱ्या कशाबद्दल बोलायचा नाही. दुसऱ्या पाळीच्या टर्नरनं एकदा गाडी हलते म्हणून पट्टी कचकून आवळली. चकाजवळ गाडी झकास चालली, पण दुसऱ्या टोकाला जाता जाता अशी रुतली की हत्यार मोडलं आणि रूळही गेला. टर्नरला वाटलं आता शिव्या बसतील. वामननं स्क्रू सैल केला, दोन बोटांनी गाडी या टोकापासून त्या टोकाला नेली आणि त्याला समजावून सांगितलं. बारकी कामं सगळी चकाजवळ होतात, म्हणून बेड तिथंच जास्त झिजतो. झिजल्या जागेचा हिशेब धरून आवळलं की जिथं झिजलंच नाही तिथं गाडी अडकणार. मग म्हणाला, ‘ढील काढायची नसते. ढील कुठं आहे ते ध्यानात ठेवून काम करायचं असते.’ त्या दिवसानंतर तो टर्नर वामनला गुरू मानायला लागला, आणि वामनला त्याचा फार कंटाळा यायचा.

एवढं शहाणपण त्या गाडीबद्दल असणारा माणूस घरच्या बाबतीत मात्र पक्का आवळलेला होता. बापही तसाच.

वामनचे वडील केशवभट परकोटाच्या आत राहायचे. मोठ्या मुलानं यजमानकी चालवायची हे ठरलेलं. वेदपाठशाळेत त्याला घातलंही होतं. पण वामन तिथून उठून तेलाच्या घाण्याचं इंजिन बघायला जायचा आणि शेवटी घरी न सांगता कारखान्यात चिकटला. नोकरीचं केशवभटांनी कसंबसं सोसलं असतं. रूळ चामड्याचे असतात आणि त्यांना चरबी लावतात हे कळलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की हा हात आमच्या घरच्या पाण्याला लागणार नाही. वामन म्हणाला, बरं. त्यानं राजापेठेत एक खोली घेतली आणि तिथं हातानं रांधून खाऊ लागला. लग्न झालं नाही. चामडं कातणाऱ्या भटाला मुलगी द्यायला ब्राह्मण तयार नव्हते, आणि दुसऱ्या कोणी दिली असती तर ती करण्याइतका तो बापापासून दूर गेलेला नव्हता. आई होती तोवर सणाला घरी जायचा. ओट्यावर बसून पत्रावळीत जेवायचा आणि पत्रावळ स्वतः उचलून टाकायचा. आई गेल्यावर तेही संपलं. घरात राहिले वडील आणि वामनची विधवा बहीण, जिला सगळे अक्का म्हणत. दर पाडव्याला नवं पंचांग आलं की अक्का जुनं पंचांग कुणाच्या तरी हाती वामनला पाठवून द्यायची. दोन घरांत येणं-जाणं उरलं ते एवढंच.

आणि दसरा. शेठजींकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची आणि ती सांगायला शेठजींच्या वडिलांपासून केशवभटच यायचे. इंजिनाची पूजा, रेच्यांची पूजा, शेवटी आमच्या लेथची. म्हणजे वर्षातून एकदा बाप येऊन मुलाच्या लेथची साग्रसंगीत पूजा करायचा. मुलगा चार हात लांब, भिंतीला टेकून उभा. दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत. आम्ही बाकीचे मात्र दोघांकडेही बघायचो, आणि आरतीत टाळ्या वाजवताना आमचे हात अवघडायचे.

वामनची एक खबरदारी होती. पूजेत पाणी शिंपडतात, नारळ फोडतात, अक्षता टाकतात. बेडवर गंज चढायला आणि गाडीखाली कण जायला एवढं पुरतं. म्हणून आदल्या दिवशीच तो बेडवर एक सागवानी फळी टाकून ठेवायचा. हार फळीला, कुंकू फळीला, नारळही फळीवरच. केशवभटांनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. मला वाटायचं, बाप-लेकांचा हा एक न बोलता झालेला करार असावा.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला सांगायचंय त्या उन्हाळ्यात वामननं लेथ उघडला. बेड चकाजवळ इतका झिजला होता की रूळ काही केल्या सारखा निघेना. नवा लेथ मिळण्याचं नाव नव्हतं. शेठजींनी हात वर केले. वामन म्हणाला, मी हातानं सरळ करतो. त्यानं ओळखीनं एक बिडाची सरळ दांडी मिळवली आणि शेंदूर आणला.

हे काम कसं असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेंदूर तेलात कालवून दांडीला पातळ फासायचा. दांडी बेडवर ठेवून हलकेच घासायची. बेड जिथं उंच असेल तिथं दांडी टेकते आणि शेंदूर लागतो. जिथं लाल दिसलं तेवढीच जागा स्क्रेपरनं, म्हणजे धारदार लोखंडी खरवडणीनं, जरा जरा खरवडायची. पुसायचं, पुन्हा शेंदूर, पुन्हा दांडी, पुन्हा खरवडायचं. असं करत करत सगळीकडे बारीक लाल ठिपके सारखे उमटायला लागले की बेड सरळ झाला. वऱ्हाडातल्या उन्हात दुपारी लोखंडही फुगतं, म्हणून वामन पहाटे यायचा आणि ऊन पत्र्यावर चढलं की थांबायचा. खरवडताना तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचा. मी कान दिला तर रुद्र. पाठशाळेत शिकलेला रुद्र, एकेका शब्दाला स्क्रेपरचा एकेक हात. मी ऐकतोय असं दिसलं की गप्प व्हायचा. देवावर आपला विश्वास नाही असं तो नेहमी सांगायचा, पण हाताला ताल लागतो ना, असंही म्हणायचा.

उन्हाळा संपता संपता बेड तयार झाला. चंद्रकोरीसारख्या बारीक खुणांनी भरलेला तो पृष्ठभाग बघायला इंजिनवाले, प्रेसवाले, तोलारी, सगळे येऊन गेले. शेठजींनी चार ठिकाणी कौतुक केलं आणि ते गावभर झालं. वामनला मी आयुष्यात त्या दिवसांतच खुशीत पाहिलं. तो घरी जाताना बेडवर धुतलेलं धोतर पांघरायचा.

आणि दसरा आला. केशवभट आले, मुकटा नेसून, सोवळ्यात. इंजिन झालं, रेचे झाले. लेथजवळ आले तेव्हा फळी होती, हार होता, सगळं नेहमीसारखं होतं. मंत्र म्हणता म्हणता त्यांनी फळीवरचा हार बाजूला केला. मग दोन्ही हातांनी फळी उचलली आणि भिंतीला लावून ठेवली. मुठीतल्या अक्षता बेडवर सांडल्या. आणि त्यांनी उजवा हात, ओला, हळदकुंकवानं भरलेला, बेडवर टेकवला आणि तो हळूहळू सरकवायला लागले.

वामन पुढं झाला आणि त्यानं वडिलांचं मनगट धरलं.

‘हात काढा,’ तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी बापाशी बोललेले दोन शब्द ते हे. तेही चरबीच्या हातानं सोवळ्यातल्या भटजीला धरून, पन्नास माणसांसमोर. केशवभट मनगट सोडवून घेईनात. मग वामननंच हात सोडला. त्यांनी राहिलेला मंत्र पुरा म्हटला, शेठजींना आशीर्वाद दिला, आणि नारळ न घेता निघून गेले. जाताना त्यांचा पाय दाराच्या उंबऱ्याला अडखळला. आम्हाला वाटलं, रागानं.

सीझन सुरू झाला. रूळ पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले निघत होते, पण शेवटच्या टोकाला वीतभर जागेत काहीतरी राहत होतं. गाडी तिथं जराशी घट्ट व्हायची आणि रूळ तेवढाच जाड निघायचा. वामननं गाडी उचलून पाहिली. खाली हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा चुरा सापडला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. ‘अक्षत गेली आत,’ तो म्हणाला. ‘घासून नासवला बेड.’ शेठजींनी विचारलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. अशा गोष्टी कारखान्याच्या भिंतीआड राहत नाहीत. केशवभटांच्या अक्षतेनं शेठजींचा लेथ बिघडला, हे परकोटाच्या आतपर्यंत पोचलं. पुढच्या दसऱ्याला पूजा सांगायला दुसरे भटजी आले. त्यांनी फळीवर मुकाट्यानं नारळ फोडला.

पण शेठजी जुन्या वळणाचे होते. इतक्या वर्षांचे भटजी, त्यांचा मान राहिला पाहिजे म्हणून त्यांनी शेला आणि नारळ देऊन मला केशवभटांकडे पाठवलं. ते ओट्यावर बसले होते. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्यांनी मान वळवली नाही. मग म्हणाले, ‘कोण आहे?’ मी सांगितलं. शेला-नारळ पुढं केला. त्यांचा हात नारळाच्या एका बाजूला गेला, मग दुसऱ्या बाजूला, आणि मग कुठं नारळावर टेकला. तेव्हा मला कळलं की या माणसाला दिसत नाही.

त्यांनीच सांगितलं. डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, येऊन बराच काळ झाला होता. मंत्र तोंडपाठ, वाटा पायाखालच्या, म्हणून खपून गेलं. आंधळा भटजी कोण बोलावणार, म्हणून अक्कालाही गप्प राहायला सांगितलं होतं. उठायच्या बेतात होतो तेवढ्यात ते म्हणाले, ‘लोक म्हणत होते, पोरानं हातानं खरवडून लोखंडाचं लोणी केलं. मले तर दिसत नाही. म्हटलं, हात लावून पाहावं.’

मी उठायचा बेत सोडला.

‘माझ्या अक्षतेनं नासलं म्हणतात ते,’ त्यांनी विचारलं. ‘खरं आहे का?’

मिस्त्री तसं म्हणतात, एवढं मी सांगितलं. मला खरं तेवढंच माहीत होतं. त्यांनी मान हलवली आणि नारळ मांडीवर घेतला. ‘मग असंल,’ म्हणाले. ‘तो उगाच बोलणाऱ्यातला नाही.’

मी तडक वर्कशॉपमध्ये गेलो आणि वामनला लेथ थांबवायला, पट्टा उतरवायला लावून सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं. दिसत नाही म्हणजे काय, किती दिसत नाही, असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, ‘मले कावून नाही सांगितलं त्यायनं?’ मी म्हटलं, ‘तुमी ओट्याच्या वर कधी चढले, मिस्त्री?’ त्यानं पट्टा पुन्हा चढवला. सीझन संपू दे, मग जातो, असं संध्याकाळी हात धुताना म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला. परकोट काही काशीला नव्हता. पण तो गेला नाही. दोन्हीकडून इतकं आवळलेलं होतं की कुणीतरी आधी सैल करायला हवं होतं, आणि ढिलीवर प्रवचनं देणाऱ्या त्या माणसाला ते काही जमलं नाही.

मग एका दुपारी अक्का कारखान्याच्या फाटकाशी आली. ही बाई देवळापलीकडे कधी गेलेली नव्हती. ती एवढंच म्हणाली की बाबांनी अंथरूण धरलंय आणि आता अन्न जात नाही. त्या वेळी वामन गाडीची पट्टी काढून ती शेंदूर लावून, खरवडून बसवत होता. तो उठला. पट्टी तशीच, तेलाशेंदरासकट, दुपट्ट्यात गुंडाळली आणि मला म्हणाला, ‘चाल महादेवा.’ लेथ उघडाच राहिला. भर सीझनमध्ये. शेठजींनी नंतर त्याबद्दल बरंच ऐकवलं.

घराशी आल्यावर तो ओट्यापाशी थांबला. सवयच ती. अक्का आत ये म्हणाली तरी पायरी चढेना. आतून बारीक आवाज आला, कोण आहे म्हणून. वामन म्हणाला, ‘मी.’ मग केशवभट म्हणाले, ‘मग बाहेर काय करून राहिला?’

आत अंधार होता. वामन अंथरुणाशी बसला, दुपट्टा सोडला आणि ती पट्टी वडिलांच्या हाताखाली ठेवली. हात पाहिजे तेवढा सरळ होत नव्हता. बोटं त्या खरवडलेल्या खुणांवरून गेली, परत आली, पुन्हा गेली. मी दारात उभा होतो. आता ते काहीतरी म्हणतील, निदान चांगलं झालं म्हणतील, असं मला फार वाटत होतं. ते थांबले. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. नाकाशी नेलं.

‘शेंदूर?’

‘हो, बाबा.’

‘तू कालवला?’

‘हो.’

‘तेल जास्त झालं,’ केशवभट म्हणाले. ‘इतकं नसते घालायचं.’

जन्मभर मारुतीला शेंदूर चढवलेला माणूस. त्याला चूक काढायची सवय होती आणि मुलाला ऐकून घ्यायची नव्हती. पण वामन या वेळी ‘हो’ म्हणाला. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. तांब्या वामनच्या हाताशीच होता. त्यानं तांब्याकडे पाहिलं, मग अक्काकडे पाहिलं. अक्का लगबगीनं पुढं आली आणि तिनं पाणी पाजलं. वामननं हात पुढं केला नाही आणि त्यांनीही तो मागितला नाही. हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

त्याच आठवड्यात केशवभट गेले. शेवटचं पाणीही अक्कानंच घातलं. वामननं प्रायश्चित्त घेऊन अग्नी दिला आणि दिवस घातले. मंत्र सांगणारे भटजी एका ठिकाणी अडखळले तेव्हा त्यानंच पुढचा शब्द सांगितला, असं मला कुणीतरी नंतर सांगितलं. दिवस झाल्यावर तो कामाला आला आणि पट्टी बसवली. त्यानंतर खरवडताना त्याच्या तोंडून रुद्र ऐकू आला नाही.

लढाई संपली आणि हळूहळू नवी यंत्रं मिळू लागली. शेठजींनी नवा लेथ घेतला आणि जुना अकोल्याच्या एका जिनवाल्याला विकला. नव्या लेथवर वामनला ठेवायला शेठजी तयार होते. वामन जुन्याबरोबर अकोल्याला गेला. अक्कालाही घेऊन गेला. आम्ही त्याची थट्टा केली की मिस्त्री सासरी चालले. तो हसला नाही, पण बडनेऱ्याच्या गाडीत बसताना मला म्हणाला की त्या टोकाचं काहीतरी राहून गेलंय, ते एकदा पाहायचंय.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. देश मोकळा झाला होता, पाट्यांवर मध्यप्रांत आणि वऱ्हाड अजून तसंच लिहिलेलं होतं. नात्यातल्या लग्नाला अकोल्याला गेलो होतो. सीझन संपलेला, जिनात शुकशुकाट. मागच्या शेडमध्ये आमचा लेथ उघडून ठेवला होता आणि वामन काचेच्या तुकड्यावर शेंदूर कालवत बसला होता. केस पांढरे झाले होते. अक्काची चौकशी केली तर म्हणाला, ती गेली मागच्या पावसाळ्यात. तिच्या दुखण्यात तिला पाणी मीच पाजत होतो, असंही म्हणाला, मी न विचारता.

त्याचा शेंदूर घट्ट दिसत होता, जवळजवळ कोरडा. मी म्हटलं, ‘मिस्त्री, तेल कमी नाही झालं?’

‘बाबा म्हणाले होते ना,’ तो म्हणाला.

मग त्यानं मला बेडच्या त्या टोकाशी नेलं, जिथं गाडी घट्ट व्हायची. दांडीला तो कोरडा शेंदूर अगदी पुसट फासला, ठेवली, उचलली. बोटानं दाखवलं. मी फिटर आहे, मला सांगायची गरज नव्हती, पण तो सांगत राहिला. तेल जास्त असलं की शेंदूर ओघळतो, आणि जिथं दांडी टेकतच नाही तिथंही लाल दिसतं. माणूस ते उंच समजून खरवडत बसतो. खरा उंचवटा बाजूला तसाच राहतो.

‘तो सारा उन्हाळा मी उंच नसलेली जागा खरवडली,’ वामन म्हणाला. ‘अक्षतेचा ओरखडा कुठंच नाही, महादेवा. मी भिंग लावून पाहिलं. ज्या बेडसाठी त्यांचा हात धरला, तो बेड सरळ नव्हताच.’

वडिलांना हे कळायला हवं होतं असं म्हणालो असतो, तर ते त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. केशवभटांनी तर तो दोष आपलाच मानून घेतला होता, कारण मुलगा उगाच बोलणाऱ्यातला नव्हता. मी त्याला ते ओट्यावरचं वाक्य तेव्हाच सांगितलं होतं. तेच आता त्याच्या मनात चाललं असणार.

लग्नाची वेळ होत आली होती. मी निघतो म्हटलं, त्यानं मान हलवली. फाटकाकडे जाताना वळून पाहिलं तर तो पुन्हा बेडवर वाकला होता. जानवं कानाला गुंडाळलेलं, स्क्रेपर बाजूला ठेवलेला. उजवा हात बेडवर टेकवून तो हळूहळू सरकवत होता, डोळे मिटून, त्या दसऱ्याला त्याच्या वडिलांनी सरकवला होता तसा. या वेळी त्या हाताला कोणी धरणारं नव्हतं.